पोटरी दुखेपर्यंत

मुजफ्फर मिस्त्री उतारवयात माणसात आला, असं आमच्या वणीत लोक म्हणू लागले ते २००४ च्या सुमारास. त्याआधी तीस वर्षं हा माणूस घरून जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, आणि जिनातून घरी मान खाली घालून जायचा. कुणी सलाम केला तर सलाम करायचा, बस. आता तो चौकातल्या पानठेल्यावर थांबे, पुढे भावसिंगच्या सायकल दुकानासमोर थांबे, मग भांडेवाल्याशी दोन शब्द बोले, मशिदीच्या कोपऱ्यावर पुन्हा उभा राही. लोकांना बरं वाटे. बायको गेल्यापासून मिस्त्री मऊ झाला, म्हणत.

खरी गोष्ट वेगळी होती. दीडशे पावलं चाललं की त्याची डावी पोटरी पिळून काढल्यासारखी आवळून येई. थांबलं की तीन-चार मिनिटांत दुखणं निघून जाई, जणू काही झालंच नव्हतं. मग पुन्हा दीडशे पावलं. भररस्त्यात उगाच उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून तो कुणाजवळ तरी उभा राही. भावसिंगच्या मुलीची सोयरीक जुळल्याचं त्याला चार वेळा सांगण्यात आलं आणि चारही वेळा तो ‘अच्छा झालं’ म्हणाला. त्यातलं काहीच त्याच्या डोक्यात राहत नव्हतं.

हे मला खूप उशिरा कळलं. मी यज्ञेश्वर, त्याच जिनात काटाबाबू होतो. कापसाची बैलबंडी आली की आधी माझ्या वजनकाट्यावर चढायची, मग आत जायची. आत मिस्त्रीचं राज्य. कापसातून सरकी वेगळी करणारे चोवीस रेचे, बारा इकडे आणि बारा तिकडे, मधून चालायला जागा. एकाच लांब शाफ्टवर पट्टे चढवून सगळे फिरायचे. मिस्त्री त्या मधल्या वाटेनं दिवसभर फेऱ्या मारी आणि नुसत्या आवाजावरून सांगे की सतरा नंबरच्या रेच्याचा चामड्याचा रूळ झिजलाय. हंगामात हवेत रुईचे तंतू इतके असत की त्याच्या भुवया पांढऱ्या दिसत. सव्वीस वर्षं आम्ही एका फाटकातून आत जात होतो. पण काटा बाहेर आणि रेचे आत. आमचं बोलणं ‘लाइट गेली’ आणि ‘लाइट आली’ एवढंच.

त्याची बायको नसरीन २००३ च्या ऑक्टोबरात काविळीनं गेली. आठ दिवसांचं दुखणं. हंगाम तोंडावर होता. तिसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर आला आणि रेच्यांच्या सुऱ्या लावू लागला. मी आत जाऊन, वाईट झालं, असं म्हणालो. तो म्हणाला, “हो बाबू,” आणि पाना मागितला. मी पाना दिला.

ती वर्षंच तशी होती. कापसाला भाव नव्हता, बंड्या कमी येत होत्या, आणि बायपासवर नवा कारखाना उभा राहिला होता, तिथं कापूस पाइपातून ओढून मशिनीत जायचा. पेपरात रोज एक चौकट असायची, त्यात जिल्ह्यातल्या आत्महत्यांचा आकडा. सुरुवातीला मी नावं वाचायचो, गाव ओळखीचं आहे का बघायचो. मग नुसता आकडा बघायचो. मग पान उलटायचो. २००५ च्या एप्रिलात आमचं जिन बंद झालं. मॅनेजरनं सगळ्यांना ओट्यावर बोलावून दोन वाक्यं सांगितली. हमालांपैकी काही रडले. मी घरी आलो आणि जेवलो. रत्नप्रभानं, माझ्या बायकोनं, विचारलं, आता काय? मी म्हटलं, काही नाही.

ऑगस्टातली गोष्ट. बाजाराचा सुटीचा दिवस होता, दुकानं बंद. मी भाजी घेऊन येत होतो तर भांडेवाल्याच्या बंद शटरसमोर मिस्त्री उभा दिसला. शटरकडे तोंड करून, पाटी वाचतोय असा. ती पाटी तो तीस वर्षांपासून पाहत होता. मी जवळ गेलो तरी त्याला कळलं नाही. मी विचारलं, इथं काय करून राहिले? तो वळून शटरला टेकला. मग म्हणाला, “पाय थांबला, बाबू.”

मग त्यानं सगळं सांगितलं, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. दीड वर्ष झालं. आधी वात म्हणून तेल चोळलं. मग चंद्रपूरला कमरेचा फोटो काढला, मणका झिजला म्हणाले, पट्टा दिला. पट्टा बांधून चाललं तरी दीडशे पावलांवर पोटरी धरायचीच. बोटं बधिर असतात, डावा पाय उन्हातही गार लागतो. दिवसाला दोन कट्टे बिड्या. आता कुठं जायचं नसतं, म्हणून फरक पडत नाही, असंही म्हणाला.

रत्नप्रभाची भाची अनघा त्याच वर्षी डॉक्टर होऊन वणीत आली होती. बसस्टँडच्या मागं दोन खोल्यांचा दवाखाना. मी मिस्त्रीला तिथं घेऊन गेलो. दवाखाना आमच्या गल्लीपासून सहाशे पावलांवर, आम्हाला पोचायला पंचवीस मिनिटं लागली.

अनघानं त्याला झोपवलं, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला. उजव्या नडगीवर केस होते, डावीवर एकही नव्हता, कातडी पॉलिश केल्यासारखी चकचकीत. तिनं दोन बोटं पावलावर ठेवली, मग घोट्यामागं, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. नाडी शोधत होती. डाव्या पायात ती लागलीच नाही. मग ब्लड प्रेशरचा पट्टा आधी दंडाला बांधला, नंतर घोट्याला, आणि कानाला लहानसं यंत्र लावून ऐकलं. डाव्या पायातला दाब दंडातल्या दाबाच्या जेमतेम निम्मा होता.

तिनं सांगितलं ते मिस्त्रीला माझ्याआधी समजलं. मांडीतून पायाकडे रक्त नेणारी नळी आतून चोंदली आहे. बसल्या जागी पायाला थोडं रक्त पुरतं. चाललं की पोटरी जास्त मागते, आणि ते मिळत नाही, म्हणून दुखते. मिस्त्री म्हणाला की पाइप चोंदला तर आम्ही खोलून साफ करतो. अनघा म्हणाली, तेही करता येतं, पण सगळ्यात आधी ते करत नाहीत. तिनं नागपूरला मोठ्या सर्जनकडे पाठवलं. त्यांनी तपासण्या करून तेच सांगितलं. बिडी आजपासून बंद. रक्त पातळ ठेवण्याची आणि चरबीची गोळी रोज. आणि तीन महिने चालण्याचा व्यायाम, मग बघू. बसल्या बसल्या दुखू लागलं, जखम भरेना किंवा बोट काळं पडलं तर मात्र त्याच दिवशी या.

नागपूरहून परत आल्यावर मिस्त्री अनघापुढं बसून म्हणाला, “चालल्यानं दुखते म्हणून तर आलो, बाई. अन् तुमी मले चालाच म्हणता.”

“हो चाचा. दुखेपर्यंत चालायचं. दुखू लागलं की लगेच थांबायचं नाही, चांगलं दुखू द्यायचं. मग उभं राहायचं, पूर्ण जाऊ द्यायचं, आणि पुन्हा निघायचं. असं अर्धा तास, हळूहळू पाऊण तास. आठवड्यातून निदान तीन दिवस, पाच झाले तर उत्तम.”

“त्यानं पाइप खुलते?”

“नाही. पाइप तसाच राहील. पोटरी आहे तेवढ्या रक्तात काम करायला शिकते.”

मिस्त्रीनं मान हलवली. ती पुढं म्हणाली की लोक एकट्यानं हे करत नाहीत, आठ दिवसांत सोडतात, दुखतं ना. कुणीतरी घड्याळ घेऊन सोबत असलं तर टिकतं. हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी जाईन. त्यात दयाबिया काही नव्हती. माझ्याकडे रोज एक अख्खी सकाळ असायची आणि ती कुठं ठेवावी हे मला कळत नव्हतं.

आम्ही चालायला बंद जिनाचं आवार निवडलं. जमीन सपाट, रहदारी नाही, आणि चौकीदार उकंडा ओळखीचा. भिंतीलगत एक फेरी म्हणजे चारशे पावलं. पहिल्या दिवशी मिस्त्रीनं बिडीचा कट्टा उकंडाच्या हातात ठेवला आणि निघाला. मी मागून, हातात घड्याळ. शंभर पावलांवर मी विचारलं, किती दुखतं? तो म्हणाला, “चार आणे.” दीडशेवर आठ आणे. एकशे नव्वदवर तो म्हणाला, “बारा आणे झालं, बाबू,” आणि थांबला. तीन मिनिटं दहा सेकंद झाली होती. बारा आण्यांवर थांबायचं, असं मग आमचं ठरूनच गेलं. गावाकडे पिकाची आणेवारी काढतात, तशी आम्ही दुखण्याची काढायचो.

रोजचा आकडा मी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचो, रत्नप्रभाच्या दुधाच्या खुणांच्या शेजारी. आम्ही बोलत नव्हतो. तो चाले, मी चाले. तो थांबला की मी थांबे. थांबल्यावर दोघंही समोर बघत उभे. समोर रिकामे ओटे, ज्यांच्यावर पूर्वी कापसाच्या गंज्या लागायच्या. त्यावर आता बकऱ्या बसलेल्या असायच्या. मला काही वाटायचं नाही. त्यालाही वाटत नसावं. राजूरला त्याची मुलगी रौशन राहते, जावई कोळसा खाणीत. ती रविवारी येऊन डबा देऊन जाई आणि मला विचारी, अब्बा काही बोलतात का? मी म्हणे, आणे सांगतात.

दोन आठवड्यांत आकडा चार मिनिटांवर गेला. चौथ्या आठवड्यात सहा. पाचव्यात तो पुन्हा चारवर आला आणि तिथंच राहिला. मला बिडीचा वास आला. मी फक्त कॅलेंडर काढून नेलं आणि त्याला दाखवलं. त्यानं आकडे बोट लावून वाचले. दुसऱ्या दिवशी वास नव्हता. पुढं मला तो कधीच आला नाही.

ऑक्टोबरात जिनाची मशिनरी भंगारात विकली गेली. घेणारा नागपूरचा. रेच्यांचे नट-बोल्ट इतके गंजलेले आणि बसवलेले इतक्या जुन्या पद्धतीनं, की त्याच्या माणसांना खोलता येईनात. उकंडानं मिस्त्रीचं नाव सांगितलं. मिस्त्री गेला. सकाळी चालायचं आणि नंतर खोलायचं. तीन दिवस तो एकेक रेचा उघडून बाजूला ठेवत होता. मी दारात स्टुलावर बसे.

चौथ्या दिवशी तो शाफ्टच्या टोकाशी पोचला. तिथं मोठ्या पट्ट्यावर लोखंडी जाळी होती, चार बोल्टांनी कसलेली. त्यानं पहिला बोल्ट सोडवला, दुसरा सोडवला, आणि खाली बसला. मला वाटलं पाय. मी उठून गेलो. तो म्हणाला, “हे चार बोल्ट म्या त्याच दिवशी कसले होते.”

कोणता दिवस, हे मी विचारलं नाही. २००४ चा फेब्रुवारी. तानाबाई नावाची बाई आमच्याकडे सरकी झाडायला होती, मुकुटबनच्या बाजूची, कोलाम आदिवासी. सकाळी शाफ्टजवळ झाडत असताना तिचा पदर पट्ट्यात गेला आणि पदरामागून उजवा हात. कोपरापासून काढावा लागला. जाळी त्या वेळी जागेवर नव्हती. पट्टा सारखा घसरत होता, तो चढवायला दर वेळी जाळी काढण्यात वेळ जाई, म्हणून मिस्त्रीनं ती काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. मॅनेजरला ते माहीत होतं. माल कमी, त्यात मशिनी बंद ठेवणं परवडत नाही, असं तो म्हणायचा. संध्याकाळी तपासणीचे साहेब यायच्या आत मिस्त्रीनं जाळी परत बसवली. मग मॅनेजरनं मला बोलावलं, कारण माझं अक्षर चांगलं. त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं. सदर महिला कामगार मनाई असताना पट्ट्याजवळ गेली, जाळी बसवलेली होती, अपघात तिच्या निष्काळजीपणामुळे झाला. खाली मिस्त्रीची सही घेतली. माझी साक्षीदार म्हणून.

त्यानंतर वीस महिने आम्ही दोघं यावर एक शब्द बोललो नव्हतो. घरीही मी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असंच वाटत नव्हतं.

“तो कागद तुमी लिवला होता,” मिस्त्री म्हणाला.

“हो.”

“सही माही होती.”

“हो.”

त्यानं उरलेले दोन बोल्ट काढले, जाळी उचलून भंगाराच्या ढिगावर ठेवली. मग मला म्हणाला, चला. सकाळचं चालणं झालेलं होतं, तरी तो निघाला. बारा आणे झाले तरी थांबला नाही. मी म्हटलं, थांबा. त्यानं ऐकलं नाही. लंगडत, दात आवळून तो फेरी पुरी करायला निघाला आणि पाण्याच्या टाकीजवळ भिंतीला धरून उभा राहिला. चेहऱ्यावर घाम. मी त्याचा दंड धरला. दुसऱ्या दिवशी अनघा रागावली. इलाज आहे हा, शिक्षा नाही, असं तिनं बजावून सांगितलं. तिला कारण माहीत नव्हतं आणि आम्ही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं की तानाबाईचा पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, फाट्यापासून किती आत आहे. मी हजेरीपटावरून गाव ओळखून होतो. दोन-अडीच किलोमीटर, म्हटलं, आणि एसटी फाट्यावरच सोडते. त्यानं मनात हिशेब केला. म्हणाला, अजून नाही जमत. आपण रिक्षा करू, असं मी म्हणालो. तो म्हणाला, नाही. चालतच जायचं.

जिनाच्या फाटकाला नव्या मालकाचं कुलूप लागलं. आम्ही निर्गुडा नदीच्या पुलाकडच्या रस्त्यानं चालू लागलो. आता तो आठवड्यातून सहा दिवस यायचा, फक्त शुक्रवार सोडून. दिवाळीपर्यंत आठ मिनिटं, नोव्हेंबरच्या शेवटी अकरा. बाजारातून जाताना तो आता पानठेल्यावर थांबत नव्हता, भावसिंगसमोर थांबत नव्हता. मिस्त्री पुन्हा घुम्या झाला, असं लोक म्हणू लागले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो म्हणाला, आज जाऊ. मुकुटबनच्या गाडीनं आम्ही फाट्यावर उतरलो. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, वेचणी चाललेली. बायका ओळीनं वाकलेल्या. रस्ता मातीचा आणि थोडा चढाचा, त्यामुळे अकरा मिनिटं काही टिकली नाहीत, सातवरच बारा आणे झाले. आम्ही एकूण चार वेळा थांबलो. वेचणाऱ्या बायका मान वर करून बघत, दोन म्हातारे रस्त्यात नुसते उभे का म्हणून.

तानाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. शेंग पायाच्या अंगठ्यात धरायची आणि डाव्या हातानं फोडायची. आम्हाला तिनं लगेच ओळखलं. सासू आत होती, तिला कोलामीत काहीतरी सांगितलं, मग आम्हाला म्हणाली, बसा. स्वतः उठून चूल पेटवली, चहा ठेवला. मी मदतीला उठलो तर म्हणाली, राहू द्या, सवय झाली. चहा येईपर्यंत मिस्त्री पोटरी चोळत बसला होता.

चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, “तानाबाई, त्या दिवशी जाळी नव्हती. म्या काढली होती. अकरा दिवस तसंच चालवलं.”

“मले माहीत हाय,” ती म्हणाली. “मी तिथंच होती.”

मग मी माझं सांगितलं. कागदावर मी खोटं लिहिलं, तुझी चूक झाली असं लिहिलं.

“कोणता कागद?” तिनं विचारलं.

तिला कागदाचं कुणी सांगितलंच नव्हतं. जिनवाल्यांनी दवाखान्याचं बघितलं, मग एक माणूस येऊन म्हणाला की यापुढं काही मिळत नसते. तिनं ते ऐकून घेतलं होतं. मी तिला मजकूर सांगितला, जसा लिहिला होता तसा, शब्द न शब्द. मला तो पाठ होता. तो मला पाठ आहे, हे मलाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ती शेंगा सोलत ऐकत होती. सांगून झाल्यावर मी म्हटलं की आम्ही दोघं यवतमाळला कामगार कार्यालयात जाऊन खरं लिहून देतो, तुझी इच्छा असली तर.

“त्यानं काय होईन?”

“माहीत नाही,” मी म्हटलं.

तिनं आणखी दोन शेंगा सोलल्या. सासू दारात येऊन उभी राहिली. मग तानाबाई म्हणाली, “लिवा मंग.” आणि मिस्त्रीकडे वळून, पायाला काय झालं, असं विचारलं. त्यानं सांगितलं, थोडक्यात. ती म्हणाली, “चालूनच बरा होते?”

“बरा नाई होत. चालता येते.”

निघताना तिनं पदराच्या टोकात तुरीच्या हिरव्या शेंगा बांधून आणल्या आणि माझ्या पिशवीत ओतल्या. मला नको म्हणता आलं नाही.

परतीच्या वाटेवर तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी घड्याळ बघत होतो. मिस्त्री कापसाच्या वावराच्या बांधाला, धुऱ्याशी उभा होता. तो म्हणाला, “बाबू, नसरीन गेली.”

जणू आत्ताच निरोप आला असावा, अशा आवाजात. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, तिला शेवटी पाणी उतरत नव्हतं. मी पुन्हा हो म्हटलं. तो खाली बसला आणि त्याच्या खांद्यांना थरथर सुटली. आवाज नव्हता. मी घड्याळ खिशात ठेवलं आणि त्याच्या बाजूला धुऱ्यावर बसलो. किती वेळ गेला, ते मला सांगता यायचं नाही, त्या दिवशीच्या कॅलेंडरच्या चौकटीत मी काही लिहिलेलं नाही. फाट्यावर पोचलो तेव्हा दुपारची गाडी निघून गेली होती.

डिसेंबर संपता संपता नागपूरच्या सर्जननी पुन्हा तपासलं. घोट्यातला दाब जवळजवळ पहिल्याइतकाच होता. नळी तशीच चोंदलेली. पण सरळ रस्त्यावर मिस्त्री आता न थांबता बारा-तेरा मिनिटं चालत होता. चालतंय तर ऑपरेशनची घाई नाही, चालणं सोडू नका, असं ते म्हणाले.

जानेवारीत आम्ही यवतमाळला गेलो. तानाबाई, मिस्त्री आणि मी. नुकसानभरपाईच्या अर्जाची मुदत दोन वर्षांची असते आणि ती संपायला पाच आठवडे राहिले होते, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यावर मिस्त्री दोनदा थांबला, तानाबाईही त्याच्याबरोबर थांबली. साहेबांनी आमचं म्हणणं लिहून घेतलं आणि विचारलं, इतके दिवस काय केलं? मिस्त्री म्हणाला, “पाय चालत नव्हते, साहेब.” साहेबांनी ते लिहिलं नाही. मला विचारलं तेव्हा मी, सही कुठं करायची, असं विचारलं.

निकाल लागायला तीन वर्षं लागली. तारखांना आम्ही जात राहिलो. मॅनेजर एकदाही आला नाही, मालकाकडून वकील यायचा. खोटं लिहिल्याबद्दल वकिलानं मला उभं करून बरंच काही विचारलं, आणि ते सगळं खरं होतं, म्हणून मी हो हो म्हणत गेलो. शेवटी निकाल तानाबाईच्या बाजूनं लागला. मिळालं त्यातून तिनं दोन खोल्या बांधल्या. हाताचं जे व्हायचं होतं ते होऊन गेलं होतं.

मिस्त्रीचा पाय शेवटपर्यंत शाबूत राहिला. आम्ही रोज चालत होतो. मधूनमधून बोलायचोही, फार नाही. तो नसरीनचं सांगायचा, ती भाकरीच्या पिठात कोथिंबीर घालायची, असलं काहीतरी. माझ्या घरी काय चाललंय ते विचारायचा आणि सांगितलेलं लक्षात ठेवायचा. २०१३ च्या मार्चात एका सकाळी नमाजाआधी वजू करताना तो पडला. हृदयाचा झटका. अनघा म्हणाली, ज्यांच्या पायाच्या नळ्या चोंदतात त्यांच्या हृदयाच्याही बहुधा चोंदलेल्या असतात, चालण्यानं आणि बिडी सुटल्यानं इतकी वर्षं निघाली. मी ऐकून घेतलं.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी तानाबाई आली. तिला कुणी सांगितलं, ठाऊक नाही. रौशनजवळ ती तासभर बसली. उठताना तिनं मला विचारलं, स्टँडवर जायला कोणती वाट जवळची? मी म्हटलं, चला, सोडतो. ती भरभर चालणारी बाई, आणि मला तितकं जमत नव्हतं. मी चौकापर्यंत पोचेस्तोवर ती बरीच पुढं गेली होती. गाडी लागलेली दिसली तशी मागं न बघता ती चढली.